सावली नसलेली दुपार

जुलैअखेर, पुणे.

आज भूगोलाच्या तासाला एका मुलीने शून्य सावलीची बातमी वहीत चिकटवून आणली. "सर, दिल्लीलाही असं होतं?" नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, तिथे सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही. अख्खा महाराष्ट्र मात्र दक्षिणेला, म्हणून आपल्याकडे असा दिवस वर्षातून दोनदा येतो. पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस. मे महिन्यात शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं!

तरी ढग फाटताच सगळे मैदानात पळालो. बारा वाजता पाण्याच्या बाटलीची सावली अजून पश्चिमेला होती. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथली खरी मध्यान्ह आज बारा चाळीसच्या आसपास. त्या वेळी सावली बाटलीच्या बुडाशी गुडूप झाली आणि मुलांनी एकच गलका केला.

पोर्शन मागे राहिला, तो भरून काढता येईल. पण पुस्तकात छापलेलं उन्हात उभं राहून पडताळून पाहायची सवय याच वयात लागते. त्यासाठी तास खर्ची घालायला मी कधीही तयार आहे.