खट्ट!

परवा खुटबावला घरी गेलो होतो. पडवीत गप्पा चालल्या होत्या आणि मोटारीचा रिले वाजला... खट्ट! आण्णा क्षणभर थांबले, "भरली टाकी" म्हणाले आणि पुन्हा बोलू लागले. या आवाजामागे माझ्या शहाणपणाची एक गोष्ट आहे.

आमच्या कारखान्यात भट्ट्यांवर सॉलिड स्टेट रिले असतात. साध्या रिलेत कॉईलला वीज मिळाली की लोखंडी पट्टी ओढली जाते, पॉईंट जुळतात. सुटताना ठिणगी उडते आणि पॉईंट झिजतात. सॉलिड स्टेटमध्ये हलणारं काहीच नाही, सगळं काम सेमीकंडक्टरचं. ना आवाज, ना झीज! आण्णांना पॉलिश पेपरने पॉईंट घासत बसायला नको म्हणून मी टाकीच्या मोटारीला तसा एक बसवून दिला.

त्याच पावसाळ्यात, एका विजांच्या रात्री तो गेला. गेला म्हणजे बंद पडला नाही, चालूच राहिला! सेमीकंडक्टर जळला की बहुतेक वेळा आतून जोडलेलाच राहतो. टाकी रात्रभर वाहिली, हौद आटला, मोटार जळून गप्प झाली. सकाळी आण्णांनी बटण बंद केलं आणि वायर सोडवायला बसले. सवयीने आधी टेस्टर लावला... तो पेटला.

फोनवर एवढंच म्हणाले, "बाळा, ह्याचा आवाजच येत न्हाई. मग सुटलं हे मानसानं वळखायचं कशावरनं?"

मला उत्तर सुचलं नाही. मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. हिशोब.

साधा रिले पूर्ण भारावर साधारण 1 लाख वेळा चालतो. भट्टीवर दर दोन सेकंदांनी चालू-बंद केला तर अडीच दिवसांतच संपेल! तिथे सॉलिड स्टेटच हवा. टाकीची मोटार दिवसातून पाच-सहा वेळा लागते, म्हणजे 45 वर्षं. मोटारीच्या सुरुवातीच्या झटक्याने पॉईंट लवकर झिजतात, पण निम्मं धरलं तरी वीस वर्षं कुठे गेली नाहीत. शिवाय सॉलिड स्टेट धडधाकट असला तरी बंद असताना थोडी वीज झिरपू देतो. चालू असताना एक-दीड व्होल्ट स्वतःच खातो, म्हणजे 10 अँपिअरला 10-15 वॉटची उष्णता. तिला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लागतो.

साध्या रिलेचे पॉईंटही कधी चिकटतात, हेही खरंच. म्हणून रिले कुठलाही असो, हात घालण्याआधी मेन स्विच खाली आणि मग टेस्टर.

टिकाऊ काय, हे मी वस्तूला विचारत होतो. कामाला विचारायला हवं होतं.

असो. आता टाकीवर पुन्हा जुना रिले आहे. खट्ट ऐकलं की बरं वाटतं.