नंतर या!

वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी अबोला धरला, त्याला सहा वर्षे झाली. गेल्या श्रावणात एका रात्री मन घट्ट करून त्याला ई-मेल लिहिला, "दादा, चुकलो. गणपतीला घरी ये."

सकाळी पाहतो तो उत्तर हजर! पण दादाचे नव्हे. पत्र पोहोचू शकले नाही, असे काहीसे इंग्रजीत होते. पुढचे वाचलेच नाही. दादाने आपले दारच बंद केले, असे धरून चाललो.

कॉलेजात संगणक विभागाच्या मॅडमना तो कागद दाखवला. त्या हसून म्हणाल्या, "सर, खालची ओळ वाचा की! प्रयत्न चालू आहेत, पुन्हा पाठवू नका, असं लिहिलंय."

मग त्यांनी समजावून सांगितले. एक सर्व्हर दुसऱ्याला पत्र देऊ लागला की समोरून तीन आकडी उत्तर येते. सुरुवातीला 2 असेल तर पत्र घेतले. 5 असेल तर साफ नकार, उदाहरणार्थ तसा पत्ताच नाही. असे पत्र लगेच परत येते. 4 असेल तर "आता नको, नंतर या". गर्दी असेल, जागा अपुरी असेल, काम चालू असेल. मग पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. 2008 सालची नियमावली सांगते, दोन खेपांत साधारण अर्धा तास तरी जाऊ द्यावा आणि निदान चार-पाच दिवस आशा सोडू नये. काही सर्व्हर तर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला मुद्दाम परत लावतात. नको त्या जाहिराती पाठवणारे बहुधा पुन्हा फिरकत नाहीत. खरे काम असलेला येतो.

माझ्या कागदावर 4 होता!

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "ऑफिसच्या मेलचं काम निघालं होतं रे, तुझं पत्र आत्ता मिळालं." थोडा थांबून म्हणाला, "अबोल्याच्या पहिल्याच दिवाळीत मी फोन केला होता. तू उचलला नाहीस. मग मीही नाद सोडला."

तो फोन वाजताना मी पाहिला होता. नंतर करू म्हणून ठेवून दिला. तो 'नंतर' काही आला नाही. माझ्या 4 ला दादाने 5 समजले आणि मीही त्याच्या गप्प राहण्याला तेच समजलो. पुन्हा दार ठोठावायला सहा वर्षे लागली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी स्टँडवर वेळेआधीच जाऊन उभा राहिलो. गाडीला उशीर होता. या खेपेला मात्र घरी परतलो नाही.