पुस्तकातून कार्यशाळेकडे





मुलांना अभियांत्रिकीची ओळख करून द्यायचे ठरले की बहुतेक शाळांत आधी खरेदीची यादी होते. किट, रोबो, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर. पुस्तकांचा नंबर शेवटी लागतो आणि माणसाचा विचार तर राहूनच जातो. प्रत्यक्षात जी मुले या वाटेने पुढे गेली, त्यांच्या बाबतीत क्रम बरोबर उलटा दिसतो. आधी एखादे पुस्तक हाती पडते. त्यातले एखादे विधान मूल स्वतः करून बघते. मग कोणीतरी मोठे माणूस त्याला बसायला जागा, थोडे सामान किंवा योग्य ठिकाणची ओळख मिळवून देते. साधने येतात ती त्यानंतर, लागतील तेवढी.

या क्रमाची सर्वांत नीट नोंद मायकेल फॅरडेच्या चरित्रात आहे. लोहाराचा हा मुलगा १८०४ साली लंडनमधल्या जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे सांगकाम्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षापासून सात वर्षांच्या उमेदवारीवर बाइंडिंग शिकू लागला. शाळा बेताचीच झालेली. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचून काढी. त्यांतली दोन त्याला पुढे कायम उपयोगी पडली. एक, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख. दुसरे, जेन मार्सेट यांचे ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकायला येणाऱ्या बायकांना रसायनशास्त्राची पूर्वतयारी नसे, हे मार्सेटबाईंनी स्वतः अनुभवले होते. म्हणून त्यांनी एक शिक्षिका आणि एमिली व कॅरोलाइन या दोन मुली यांच्यातल्या संवादांतून हा विषय मांडला. सुरुवातीच्या आवृत्त्यांवर लेखिकेचे नावही नव्हते. मुली आणि बायका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या या पुस्तकाने विजेच्या युगाचा एक जनक घडवला, ही गोष्ट मुलींच्या हातात डाखाची सळई द्यायला आजही कचरणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी.

मार्सेटबाईंच्या पुस्तकाचा खरा गुण त्याच्या सोपेपणात शोधू नये. त्यातले प्रयोग उमेदवार पोराच्या खिशाला परवडणारे होते. पुस्तक म्हणते ते खरे का, हे फॅरडेने चार-दोन पेन्समध्ये होतील असे प्रयोग करून ताडून पाहिले, आणि ते खरे निघाले म्हणून त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. ही आठवण त्याने उतारवयात लिहून ठेवली आहे. ब्रिटानिकातला लेख वाचून त्याने बाटलीपासून घर्षणाने वीज तयार करणारे छोटे यंत्रही केले. मालक रीबोने उमेदवाराला वाचू दिले आणि काम संपल्यावर दुकानातच हे उद्योग करू दिले. रीबोला ना रसायनशास्त्र येत होते, ना वीज. तरी मार्गदर्शकाचे पहिले काम त्याने चोख केले: अडवले नाही.

पुढची दारे इतरांनी उघडली. जॉन टॅटम या गृहस्थाच्या घरी होणाऱ्या व्याख्यानांची एका वेळची फी एक शिलिंग होती. ती फॅरडेचा थोरला भाऊ रॉबर्ट भरी. १८१२ साली दुकानाचे एक गिऱ्हाईक, विल्यम डान्स, याने रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने ती व्याख्याने टिपून घेतली, पक्की करून आकृत्यांसह लिहिली, स्वतःच्या हाताने बांधली आणि वर्षअखेर डेव्हीला पाठवली. मार्च १८१३ मध्ये तो तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. डेव्हीने त्याला घडवले असे म्हणायची पद्धत आहे. पण डेव्हीपर्यंत पोचेपर्यंत चार माणसांनी छोटी छोटी मदत केली होती आणि त्यांतल्या एकालाही ‘मार्गदर्शक’ ही पदवी लावता येणार नाही. १८३१ मध्ये फॅरडेने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून विद्युत प्रवर्तन दाखवले. आजचा ट्रान्सफॉर्मर त्याच कड्याचा वारस आहे, आणि पंपाची मोटर फिरते तीही याच तत्त्वावर. तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचे जे दुकान असते, तिथला मेस्त्री तारेचे वेढे मोजत असतो तेव्हा तो फॅरडेचेच काम पुढे नेत असतो. शाळेने मुलांना तिथे घेऊन जाणे ही पदरमोड न करता होणारी सर्वांत चांगली सहल ठरेल.

फॅरडेने हे ऋण फेडले ते मुलांसमोर उभे राहून. रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळातली मुलांसाठीची व्याख्याने १८२५ मध्ये सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात त्यांतल्या १९ मालिका एकट्या फॅरडेने दिल्या. मेणबत्तीवरची मालिका १८६१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. एक मेणबत्ती जळताना काय काय घडते, एवढ्यावर सहा व्याख्याने आहेत. मुलांसाठी तांत्रिक पुस्तक निवडताना हा नमुना समोर ठेवावा. एक वस्तू, आणि तिचा तळ गाठेपर्यंत प्रश्न. शंभर यंत्रांची रंगीत चित्रे आणि प्रत्येकाखाली तीन ओळी, असली जाड पुस्तके वाढदिवसाला छान दिसतात. ती चाळली जातात आणि मिटली जातात.

याकोव्ह पेरेलमान या रशियन लेखकाने याच्याही पुढची खुबी साधली. १९१३ साली निघालेल्या त्याच्या मनोरंजक भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तो उत्तर देण्याआधी वाचकाला चुकू देतो. रोजची गोष्ट घेतो, वाचकाला सहज वाटेल ते उत्तर मनात आणू देतो आणि मग ते का टिकत नाही ते दाखवतो. सोव्हिएत काळात मीर प्रकाशनाची ही पुस्तके भारतात फार स्वस्त मिळत. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी अभियंत्यांच्या कपाटात त्यांच्या पिवळ्या पडलेल्या प्रती सापडतील.

आता फॅरडेइतके जुने नसलेले उदाहरण. आफ्रिकेतल्या मलावी देशात २००१-०२ मध्ये दुष्काळ पडला. विल्यम कामक्वाम्बा या शेतकऱ्याच्या चौदा वर्षांच्या मुलाची फी भरता न आल्याने माध्यमिक शाळा सुटली. तो विम्बे गावच्या प्राथमिक शाळेतल्या छोट्या ग्रंथालयात जाऊ लागला. तिथे त्याला ‘युजिंग एनर्जी’ नावाचे अमेरिकन शालेय पुस्तक मिळाले. त्यात पवनचक्क्यांची चित्रे होती. त्याचे इंग्रजी कच्चे होते. म्हणून तो आधी आकृती बघे, तिचा क्रमांक मजकुरात शोधी आणि त्याभोवतालची वाक्ये लावी. पवनचक्की कशी बनवावी हे पुस्तकात कुठेही दिले नव्हते. ती असू शकते आणि तिच्यामुळे वीज व पाणी मिळू शकते, एवढेच त्याला कळले. बाकीचे त्याने भंगारातून जमवले: ट्रॅक्टरचा पंखा, सायकलची चौकट, शॉक अब्सॉर्बरचा दांडा, आगीवर तापवून सपाट केलेल्या पीव्हीसी पाइपची पाती, मित्राने विकत घेऊन दिलेला सायकलचा डायनामो. भोके पाडायला ड्रिल नव्हते. त्याने खिळा तापवला आणि मक्याच्या कणसाची मूठ केली. वॉशर म्हणून बाटल्यांची बुचे सपाट केली. निलगिरीच्या खांबांच्या मनोऱ्यावर हे यंत्र चढले आणि घरात दिवा लागला. २००६ मध्ये त्याची बातमी बाहेर पोचल्यावर शिक्षण खात्याशी संबंधित माणसांनी त्याला पुन्हा शाळेत बसवले. २०१४ मध्ये तो अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयातून पदवीधर झाला.

या गोष्टीत सगळे चिकाटीचे कौतुक करतात. ते योग्यच आहे. पण त्या मुलाच्या वाचनाची पद्धतही बघण्यासारखी आहे. आकृतीवरून मजकुराकडे जाणे हे अभियंत्याचे वाचन आहे, आणि आपल्या शाळांत ते जवळजवळ शिकवलेच जात नाही. विज्ञानाच्या वहीत आकृती ‘काढतात’, ती वाचत नाहीत. समोरून, वरून आणि बाजूने पाहिलेली तीन चित्रे डोक्यात जोडून एक वस्तू उभी करणे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला जमते. महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये भूमितीचा भाग असे, पण मुले त्या परीक्षांना बसत ती चित्रकलेची श्रेणी मिळवायला. खडू, कागदी खोके आणि पट्टी एवढ्यावर ही सवय लावता येते. काडेपेटीची तीन चित्रे काढून झाली की मिसळणाचा डबा, मग पक्कड, मग नळाची तोटी.

अशा कामासाठी आपल्याकडचा सर्वांत मोठा खजिना अरविंद गुप्ता यांनी उभा केला. बरेलीचे गुप्ता १९७५ मध्ये आयआयटी कानपूरमधून विद्युत अभियंता झाले आणि पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तो कार्यक्रम १९७२ पासून खेड्यांतल्या शाळांमध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवत होता. तिथेच त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या यांची जोडी सुचली. नळीच्या तुकड्यात दोन्हीकडून काड्या खोचल्या की सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन करून बोटाने ढकलला की तो तिरका होतो. त्यात एक कर्ण बसवला की जागचा हलत नाही. त्रिकोण मात्र पहिल्यापासूनच ताठ. शेडच्या छपराची कैची, रेल्वेचा पूल, उच्चदाबाच्या तारांचे मनोरे हे सगळे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे पोराला मग कोणी सांगावे लागत नाही. १९८७ मध्ये या काड्यांच्या नमुन्यांचे त्यांचे पुस्तक निघाले आणि अनेक भाषांत गेले. पुढे पुण्यात आयुकाच्या आवारात, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. मुलांसाठीची हजारो पुस्तके त्यांनी सर्वांना फुकट खुली करून दिली आहेत आणि त्यांत मराठी पुस्तकेही भरपूर आहेत. ग्रंथालयात पैसा नाही ही सबब त्यामुळे उरलेली नाही.

खेळण्यांच्या पलीकडे, खऱ्या कामाच्या अंगाने जाणारा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पाबळला झाला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, आरोग्यचाचण्या शिकवल्या, आणि ही कामे गावासाठी, मोबदला घेऊन करायला लावली. माध्यमिक शाळांसाठी त्यातूनच मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम निघाला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस कामावर असतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. लेझर कटर तिथे आला तोवर मुलांना हॅकसॉ, कानस आणि वेल्डिंग चांगले ठाऊक होते. म्हणूनच तो तिथे रुजला.

याउलट २०१६ नंतर अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळून टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. योजना चांगली आहे, सहावीपासूनच्या मुलांसाठी आहे आणि बाहेरच्या अभियंत्यांनी येऊन मदत करावी अशी तरतूदही तिच्यात आहे. पण जिथे किटची मोजदाद करणारा शिक्षक एकटा पडतो, तिथे कपाटाची किल्ली हीच खरी अडचण होऊन बसते. सामान हरवले तर जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर मुख्याध्यापकांनी आधी लेखी देऊन टाकावे. तुटणे आणि जळणे हे वार्षिक खर्चात धरलेले असावे.

मार्गदर्शक निवडताना पदवीपेक्षा दोन गोष्टी बघाव्यात. त्याने आयुष्यात काहीतरी स्वतः दुरुस्त केलेले असावे, आणि पोराने चुकीचा स्क्रू फिरवताना पाहून त्याला निदान मिनिटभर गप्प बसता यावे. दुसरा गुण पहिल्याहून दुर्मीळ आहे. निवृत्त अभियंते पुष्कळ मिळतात, पण ते भाषण करतात. गावातला फॅब्रिकेटर, सुतार किंवा वायरमन बोलतो कमी, दाखवतो जास्त. त्याला महिन्यातून एकदा मानधन देऊन बोलवावे. फुकट बोलावल्यास मुलांनाही त्याच्या कामाची किंमत कळत नाही. त्याच्यासोबत एखादे पुस्तक जाणणारे माणूस, बहुधा ग्रंथपालच, हवे. मेस्त्रीने ‘असंच करतात’ म्हटले की ‘का’ हे कुठल्या पानावर सापडेल, ते सांगणारे.

सुरुवातीची हत्यारे थोडी आणि चांगली घ्यावीत. पक्कड, पाने, दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, हॅकसॉ, कानस, पोलादी पट्टी, साधा मल्टिमीटर. नवी यंत्रे करायला लावण्याआधी जुनी उघडायला द्यावीत: बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ, शिलाईमशीनचे बॉबिन केस, सायकलचे फ्रीव्हील, पंखा. उघडताना प्रत्येक भाग कागदावर क्रमाने मांडून त्याचे चित्र काढायचे, म्हणजे परत जोडता येते. पंखा किंवा मिक्सर उघडण्याआधी त्याचा प्लग काढून वायर कापून टाकावी. कपॅसिटर मोठ्या माणसाने आधी मोकळा करून घ्यावा. फोन आणि पॉवर बँकच्या लिथियम बॅटऱ्या या खेळात अजिबात आणू नयेत, त्या भोक पडल्यास पेट घेऊ शकतात. पाचवी-सहावीपर्यंत दीड व्होल्टचे सेल पुरतात, पुढे नऊ व्होल्ट. डाख देताना खिडकी उघडी आणि डोळ्यांवर चष्मा. ग्राइंडर दहावीपर्यंत कुलपात. २३० व्होल्टच्या जोडणीला मात्र वायरमन शेजारी उभा असला तरी मुलांचा हात लागता कामा नये. त्याने करावे आणि मुलांनी दोन हात लांबून बघावे.