जादा गादी

दरपत्रकात तिचं नाव सगळ्यात शेवटी असतं. एसी डबल, नॉन-एसी डबल, गरम पाणी सकाळी सहा ते नऊ, चेक-आउट दहा वाजता, आणि मग अगदी तळाशी, बहुतेक वेळा मागाहून पेनानं लिहिलेलं: जादा गादी २०० रु. लॉजमालकाच्या लेखी ती वरकमाई. पण दिवाळी आटोपली की आमच्या ढाणकीहून जी एखादी क्रूझर समुद्र बघायला निघते, तिच्यातल्या माणसांचा सगळा हिशोब या शेवटच्या ओळीपासून सुरू होतो. खोलीचं भाडं नंतर. फोन लागला की पहिला सवाल, "गाद्या किती देता भाऊ?"

ढाणकी यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात. इथं पाणी म्हटलं की पैनगंगा, आणि तिच्या पलीकडे नांदेड जिल्हा सुरू. समुद्र सातशे किलोमीटरच्या वर. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाचे पहिले एक-दोन वेचे घरात आलेले असतात, पोरांनी पुस्तकात सिंधुदुर्ग वाचलेला असतो. मग कोणाच्या तरी तोंडून मालवण निघतं. जाताना तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर करायचं, म्हणजे देवदर्शनही होतं आणि समुद्रासाठी एवढं डिझेल जाळल्याचा ठपकाही कोणावर येत नाही. गाडीत अकरा जण: आजी, दोन भाऊ, दोघांच्या बायका, पाच पोरं, आणि जिला सोडून या घरातलं कोणी कधी कुठं गेलेलं नाही अशी आत्या. घरातल्या एखाद्या शिकलेल्या पोरानं तीन खोल्या घेऊ म्हटलं, की थोरल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "तीन खोल्या कायले? तिथं काय लगन लावाचं हाय का?"

हिशोब वहीच्या मागच्या पानावर होतो. दीड हजाराची खोली धरली आणि नियमानं माणसं बसवली, तर चार खोल्या, सहा हजार. दोन खोल्या आणि चार गाद्या घेतल्या, तर तीन हजार आठशे. रात्रीला बावीसशे वाचले, दोन रात्रींचे चव्वेचाळीसशे. त्यात टोल, सिंधुदुर्गाच्या होडीची तिकिटं आणि थोडंफार डिझेल निघतं. हजाराच्या आतल्या खोलीला एकेकाळी जीएसटी नव्हता, जुलै २०२२ मध्ये तो १२ टक्के लागला, सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. हे सगळं सरकारनं केलं. सहलीचा खर्च आवाक्यात आणायचं काम मात्र पूर्वीपासून गादीच करत आली आहे.

ती येते रात्री साडेनऊच्या सुमाराला. जेवणं झालेली असतात, आंघोळीचे टॉवेल खिडकीच्या गजांवर वाळत असतात, आणि दारावर टकटक होते. लॉजचा पोऱ्या तिला खांद्यावर घेऊन उभा. सुतळीनं बांधलेली, मधोमध दुमडलेली. सुतळी सुटते, ती फरशीवर पसरते, आणि धुळीचा हलका वास खोलीभर होतो. अंगावर गादीपाटाचं कापड, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, धुऊन धुऊन निळा रंग राखाडी झालेला. कडेला शिवण उसवलेल्या ठिकाणी वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याचे चार टाके. पायाकडच्या कोपऱ्याला बोटभर भोक, त्यातून डोकावणारी रुई. खोलीतलं सगळ्यात लहान पोर रात्रीतून ती चिमटीनं ओढत बसणार, हे तिला ठाऊक असावं. मधला भाग दबलेला. तिथं आतापर्यंत कोणकोण झोपलं असेल, हे विचारू नये.

जागेच्या बाबतीत तिला कोणी पसंती विचारत नाही. पलंग आणि कपाट यांच्यात जी पट्टी उरते, ती तिची. दुसरी बाथरूमच्या दारापाशी. ती पसरल्यावर दार अर्धंच उघडतं आणि रात्री उठणारा प्रत्येक माणूस तिच्या कडेवर पाय देऊन जातो. टीव्ही, आरसा, एसीचा रिमोट हे सगळं पलंगाच्या बाजूला. तिच्या वाट्याला प्लगसुद्धा येत नाही. पण तिच्याविषयी तक्रार ऐकू आली, तर ती कायम पलंगवाल्यांकडून. पलंगाचा फोम रुततो, मध्येच कुरकुरतो, पाठ धरतो. खाली झोपलेला सकाळी उठून म्हणतो, झकास झोप लागली.

कोण कुठं झोपणार, यावरून घरातली माणसं कळतात. आजी खोलीत शिरल्या शिरल्या जाहीर करते, "मले पलंगावर झोपच येत नाही." झोप येते. पण गुडघ्यांमुळे जमिनीवरून उठता येत नाही, हे लेकांना माहीत असतं, आणि लेकांना माहीत आहे हे आजीला. दोन-तीनदा आग्रह होतो आणि आजी पलंगावर जाते. आत्या मात्र खरोखर खाली झोपते, भिंतीकडे तोंड करून, आणि आपल्यासाठी वेगळे पैसे पडले का, ते हळूच विचारून घेते. पोरांना खालीच झोपायचं असतं. घरी रोज खाली झोपतात, तरी लॉजवरच्या खालीमध्ये मजा जास्त. ड्रायव्हर म्हणतो मी गाडीत झोपतो, पण एक गादी व्हरांड्यात त्याच्यासाठी टाकली जाते. ती हिशोबात धरलेली नसते आणि सकाळी तिच्यावरून मालकाशी थोडी घासाघीस होते.

तिच्या अंगावरचा खरा प्रसंग मात्र वेगळा. एका खोलीत दोन गाद्या शेजारीशेजारी लावलेल्या, वर एकच चादर, तीही पुरत नसलेली, आणि त्यावर दोन जावा. घरी या दोघींच्या चुली वेगळ्या झालेल्या असतील किंवा नसतील. एकमेकींशी बसून बोलायला सवड वर्षात कधी मिळत नाही, हे नक्की. रात्री दिवा मालवल्यावर कुजबुज सुरू होते. माहेरचं, सासूचं, मागच्या लग्नातल्या मानपानाचं. मधूनच दाबलेलं हसू. दोन गाद्यांच्या मधल्या फटीत एकीचा मोबाइल जातो, दुसरी हात घालून काढते. वरच्या पलंगावरून थोरल्या भावाचा आवाज येतो, "झोपा आता." पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा सुरू. मालवणच्या सहलीतून त्या दोघींना समुद्र किती मिळाला सांगता येणार नाही, पण हे मिळालं. तीन खोल्या घेतल्या असत्या तर मिळालं नसतं.

आता तिच्या जन्माविषयी. कापूस जिनिंगमध्ये जातो, तेव्हा शंभर किलोतून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुई पिंजाऱ्याकडे येते. पूर्वी पिंजारी खांद्यावर पिंजण अडकवून गावोगाव फिरायचा. तातीवर लाकडी मुठीचा घाव बसला की तिचा आवाज अख्ख्या आळीला कळायचा, आणि अंगणभर रुई उडायची. आता काम मशीनवर होतं. पण पुढचं सगळं हातानंच: पिंजलेली रुई खोळीत भरायची, काठीनं बडवून सारखी करायची, आणि लांब सुईनं आरपार टाके घालायचे. टाका चुकला की रुई एका कोपऱ्यात जमते आणि झोपणाऱ्याच्या पाठीखाली फक्त कापड उरतं. काही वर्षांनी रुईच्या गुठळ्या होतात. मग खोळ फोडून तीच रुई पुन्हा पिंजायची, थोडी नवी मिसळायची, पुन्हा भरायची. फोमच्या गादीला हा दुसरा जन्म नाही. ती बसली की फेकायची.

लॉजवरची पातळ गादी घेतली आणि ती खऱ्या रुईची धरली, तर आत सहा किलो रुई, म्हणजे अठराएक किलो कापूस. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. म्हणजे गादीच्या पोटात जेमतेम चौदाशे रुपयांचा कापूस. दोनशे रुपये रात्र या दरानं सात रात्रींत तो वसूल. आठव्या रात्रीपासून गादी मालकासाठी कमावते आणि वर्षानुवर्षं कमावत राहते. ज्यानं तो कापूस पेरला, फवारला, मजुरी देऊन वेचला, तो सातशे किलोमीटर जाऊन त्याच्यावर झोपण्याचे दोनशे रुपये मोजतो. झोपताना हे कोणाच्या डोक्यात येत नाही, हे बरंच आहे.

हा कापूस समुद्राला नवखा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे आणि इजिप्तकडे तोंड वळवलं. इजिप्तचा कापूस अलेक्झांड्रियाच्या बंदरातून भूमध्य समुद्र ओलांडून जायचा. सुएझ कालवा १८६९ चा, म्हणून आपला कापूस मुंबईहून निघून आफ्रिकेला वळसा घालून जायचा. युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईतले बडे सट्टेवाले बुडाले. पुढं इजिप्तच्या लांब धाग्याचं नाव झालं. आजही महागडी हॉटेलं आपल्या चादरी इजिप्शियन कॉटनच्या आहेत म्हणून मिरवतात. आमच्याकडे यवतमाळच्या कापसाच्या गाद्या आहेत, अशी पाटी लावलेलं हॉटेल अजून माझ्या पाहण्यात नाही.

त्याच भूमध्य समुद्राच्या काठी, आजच्या इस्रायलमधल्या अक्को या जुन्या बंदरात, खान अल-उमदान नावाची अठराव्या शतकाच्या अखेरची सराई उभी आहे. चौकाभोवती खांबांच्या रांगा, खाली व्यापाऱ्यांचा माल, वर मुक्कामाच्या खोल्या. अशा सरायांमध्ये वाटसरूला छप्पर मिळायचं आणि चार भिंती. अंथरूण ज्याचं त्यानं आणायचं. आपल्या धर्मशाळांचा रिवाजही तोच. म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीला वळकटीशिवाय प्रवास माहीत नव्हता, त्यानंतर पट्ट्यांचा होल्डॉल आला. माणूस आपली गादी पाठीवर घेऊन हिंडायचा. मग कधीतरी गादी प्रवासातून सुटली आणि मुक्कामाच्या गावीच नोकरीला लागली. जादा गादी ही त्या वळकटीचीच नात. फरक एवढाच की वळकटी आपली होती, हिला भाडं पडतं.

मालवणात तिचे हाल होतात, ते हवेमुळे. यवतमाळची कोरडी हवा तिला मानवते. किनाऱ्यावर ओल आणि खार. पावसाळ्यात चार महिने एकावर एक रचून ठेवलेली गादी दमट होते, जड होते, आणि तिला असा कुबट वास लागतो की चादर बदलूनही जात नाही. वर पाहुण्यांच्या पायांची वाळू. सकाळी सगळे सिंधुदुर्गावर जातात. २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन कुरटे बेटावर जे काम सुरू झालं, ते १६६७ मध्ये पुरं झालं, हे पोरं मास्तरांसारखी आजीला सांगतात. आजीला नवल वाटतं ते विहिरींचं: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोडं. शिवराजेश्वराच्या देवळात ती बराच वेळ हात जोडून बसते. जुलै २०२५ मध्ये हा किल्ला बाकी अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, हे थोरला भाऊ मोबाइलवर वाचून दाखवतो. दुपारी तारकर्ली. संध्याकाळी ओले पाय, वाळूनं भरलेल्या चपला, आणि पोरं थेट गादीवर. मालकीणबाई दारातून बघतात, काही बोलत नाहीत. निघायच्या सकाळी गादी उभी करून झटकली जाते, तेव्हा तिच्या टाक्यांमधून किनारा गळतो.

ऑनलाइन बुकिंगच्या जगात तिला फारसं कोणी ओळखत नाही. तिथं खोली म्हणजे दोन मोठे, एक लहान. अकरा जणांचं कुटुंब तिथं मावत नाही, त्याला चार खोल्या दाखवल्या जातात. म्हणून ढाणकीचा माणूस मोबाइलवर फोटो बघतो, दर बघतो, आणि नंबर शोधून थेट मालकाला फोन लावतो. समोरचा विचारतो, "किती माणसं?" इकडून उत्तर येतं, "घरचीच हायेत." एवढ्यावर सौदा होतो. निवास-न्याहारीवाल्या घरांशी हे बोलणं जास्त सोपं जातं, कारण त्यांच्या स्वतःच्या घरीही पाहुणे आले की गाद्याच पडतात. उशीचा मुद्दा तेवढा राहून जातो. चार गाद्यांबरोबर उशा येतात दोन, आणि त्या कोणाला, यावर पोरांची जुंपते.

तर मालवणला जाणार असाल, तर दिवाळीची आणि नाताळची सुट्टी टाळा. जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. फोनवर गाद्या किती, उशा किती, दोन्ही आधी विचारून घ्या आणि पैसे ठरवून घ्या. पोचल्यावर पलंगाची चादर आणि बाथरूमच्या फरश्या बघण्याआधी गच्चीवर नजर टाका. ज्या घरानं गाद्यांना ऊन दाखवलेलं दिसेल, तिथं बिनधास्त सामान उतरवा.