गालिच्याची पाठ

नवी मुंबईत जुनी वस्तू घ्यायची म्हणजे आधी हार्बर लाइन पकडायची. आमच्या नेरूळ-वाशीकडे फर्निचरची दुकानं पायलीला पन्नास, पण त्यांत सगळं कोरं करकरीत. शहरच मुळी 1970 साली सिडको स्थापन झाल्यावर आखलं गेलेलं. इथे कुणाच्या माळ्यावर पणजोबांच्या वेळचा गालिचा निघायचा प्रश्नच नाही.

आम्हाला गालिचा हवा होता तो सजावटीपेक्षाही सासूबाईंसाठी. हॉलच्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड लाद्यांवर पावसाळ्यात दमट हवेचा थर धरतो आणि आईंचा पाय सरकतो. मशीनवरचा गालिचा घरपोच मागवणं सोपं होतं. पण ते नायलॉन-पॉलिप्रॉपिलिन पायाला आवडेना, आणि हाताने विणलेला नवा लोकरी गालिचा बजेटमध्ये बसेना. वापरलेला पण धडधाकट असा जुना गालिचा या दोन्हींच्या मधला मार्ग वाटला.

पहिलं काम घरातच केलं. जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर पसरून, चिकटपट्टीने जोडून, गालिच्याचं माप ठरवलं. आमचा हॉल 10 बाय 16 फुटांचा. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर यावेत आणि भिंतीकडे निदान फूटभर लादी उघडी राहावी, एवढा हिशेब धरला की 6 बाय 9 पुरतो. आईंनी त्या कागदांवरून चालून बघितलं आणि दोन दुरुस्त्या सुचवल्या. "दाराशी नको गं, चपलांची सगळी माती तिथेच पडते. आणि बाल्कनीपासून आणखी आत घे. जुलैत पाऊस आडवा येतो, विसरलीस?" दार उघडताना खालची कड गालिच्याला घासेल का, हेही तेव्हाच पाहून घेतलं. हे कागदी माप नसतं, तर चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर पहिल्याच सुंदर गालिच्याने माझा निकाल लावला असता.

सँडहर्स्ट रोडला उतरून चोर बाजारात शिरलं की ग्रामोफोन, झुंबरं, जहाजांचे कंदील आणि हिंदी सिनेमाची पोस्टरं यांच्या गर्दीत गालिचे उभे गुंडाळून ठेवलेले दिसतात. शुक्रवारी पक्की दुकानं बंद आणि रस्त्यावरचा जुम्मा बाजार सुरू, म्हणून शुक्रवार टाळायचा. एका पिकल्या दाढीच्या चाचांनी माझ्यापुढे लाल गालिचा उलगडला. मी नक्षीवरून हात फिरवत होते तेव्हा ते म्हणाले, "बेटी, चेहरा तो सब का अच्छा होता है. पलटाओ."

त्या पलटण्यातच अर्धं शिक्षण झालं. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर पुढची नक्षी जशीच्या तशी दिसते, आणि एकेक गाठ नखाला लागते. ओळी किंचित वाकड्या असतात. टफ्टेड गालिच्यात लोकर कापडात बंदुकीसारख्या यंत्राने घुसवून मागून गोंद लावतात आणि वर दुसरं कापड चिकटवतात. त्याची पाठ मुकी. आपल्या हवेत तो गोंद काही वर्षांत भुगा होऊन खाली पांढरी पूड सांडू लागतो. झालरही तपासायची: खऱ्या गालिच्यात ती ताण्याचीच टोकं असतात, नकलेत ती शिवून लावलेली असते.

चाचांनी भिंग दिलं. एका इंचात उभ्या नऊ गाठी, आडव्या नऊ. म्हणजे चौरस इंचाला 81, आणि 6 बाय 9 फुटांत सव्वासहा लाखांच्या वर. ही भदोहीकडची मध्यम प्रत. काश्मिरी गालिच्यात इंचाला 18 बाय 18, म्हणजे 324 गाठी सर्रास मिळतात. पण गाठी जास्त म्हणजे गालिचा चांगला, असं सरळ गणित नाही. बारीक गाठींचा, आखूड लवेचा गालिचा कमी वावराच्या खोलीत शोभतो. मुलं, कुत्रा आणि चहाचे कप असलेल्या हॉलमध्ये जाड लोकरीचा जास्त टिकतो.

मग रंग. लव बोटांनी फाकवून मुळाशी बघायचं. टोकाला फिकट गुलाबी आणि मुळाशी भडक जांभळट असेल, तर रंग कच्चा. 1856 साली विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला आणि त्यानंतरच्या काही दशकांत असे उडणारे रंग पूर्वेकडच्या गालिच्यांत शिरले. त्याआधीचं लाल मंजिष्ठेसारख्या मुळांचं किंवा लाखेचं आणि निळं निळीचं असायचं. पुढे पक्के क्रोम रंग आले, त्यामुळे कृत्रिम रंग म्हणजे वाईट असंही नाही. एकाच रंगात मध्येच फिकट पट्टा दिसला तर घाबरायचं नाही. विणकराचं लोकरीचं रंगवलेलं पीस संपलं आणि नवं थोडं वेगळं आलं, एवढाच त्याचा अर्थ. व्यापारी त्याला अब्राश म्हणतात आणि जाणकार तो मुद्दाम शोधतात. ओला पांढरा रुमाल लाल भागावर मिनिटभर दाबायचा. रुमाल लाल झाला तर नमस्कार करून निघायचं. शेवटी कोपरा कानाशी धरून हलकेच दुमडायचा. सुती ताणा आतून कुजला असेल तर कुरकुर ऐकू येते.

एका मोठ्या चकचकीत दुकानात मात्र गोष्टींचाच भाव होता. पिवळट छटेचा एक गालिचा "सव्वाशे वर्षांचा, नवाबाच्या घरातला" म्हणून दाखवला. ती छटा लवेच्या टोकाला होती, मुळाला होती आणि झालरीलाही तितकीच होती. चहाच्या पाण्यात बुडवून वय वाढवल्याचं मला तरी स्पष्ट दिसत होतं. मी सहज म्हटलं, भाची दुबईला असते. मालक लगेच म्हणाले, तिकडे पाठवून देऊ, काही अडचण नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं उलटलेली कारागिरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे एक तर गालिचा सव्वाशे वर्षांचा नव्हता, किंवा दुकान सरळ नव्हतं.

गोष्टींना भुलायला मात्र मलाही आवडतं, आणि आपल्याकडची गोष्ट खरीही आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तुरुंगांत गालिचे विणून घ्यायला सुरुवात केली. आग्र्याच्या तुरुंगातला अवाढव्य गालिचा व्हिक्टोरिया राणीच्या विंडसर कॅसलमध्ये गेला. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही माग होते. विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांचे नमुने तिथे उतरवले गेले. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईच्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाशी जोडलेले जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 च्या आपल्या ग्रंथात या तुरुंगी मालावर कडक टीका केली. फुकटच्या हातांनी विणलेला स्वस्त माल बाहेरच्या विणकराला मारतो, हा त्यांचा रोख. आज तेच तुरुंगी गालिचे आणि सतरंज्या परदेशी लिलावांत मानाने विकल्या जातात.

म्हणून चाचांनी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जाड सुती सतरंजी काढून "येरवडा जेल का माल" म्हटलं, तेव्हा मी कान टवकारले. पण त्यावर शिक्का नव्हता, पावती नव्हती. "चाचा, जेल का सबूत?" ते हसले. "सबूत होता तो मैं इधर बैठता?" मी जुन्या सतरंजीचा भाव दिला, येरवड्याचा नाही दिला.

गालिचाही त्यांच्याकडूनच घेतला: भदोहीचा, साधारण पन्नास वर्षं वापरलेला, विटकरी लाल. मधल्या भागात लव सगळीकडून सारखी झिजलेली. एका कडेला रफू होतं, ते पाठीकडून नीट दिसत होतं आणि भावात धरलं होतं. सारखी झीज चालते. एकाच जागी टक्कल पडलं असेल तर समजावं की तिथे कसरीने खाल्लंय.

कसर आणि ओल हे आमच्या खाडीकाठच्या हवेतले खरे शत्रू. कसरीच्या अळ्या अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागी, म्हणजे सोफ्याखालीच लोकर खातात. त्यामुळे महिन्यातून एकदा सोफा सरकवून दोन्ही बाजूंनी व्हॅक्युम फिरवते. गालिच्याखाली ती सुती सतरंजी घातली आहे. त्यामुळे गालिचा सरकत नाही आणि स्वस्त प्लास्टिकच्या जाळीसारखं लादीला काही चिकटतही नाही. पावसाळ्यात खालची सतरंजी दमट लागली की दोन्ही काढून पंख्याखाली वाळवायची. दिवाळीच्या साफसफाईत आणि होळीनंतर गालिचा उलट दिशेने फिरवायचा, म्हणजे पश्चिमेचं ऊन आणि माणसांचे पाय दोन्ही टोकांना सारखे वाटले जातात.

हे सगळं केल्यावर माझं मत असं झालं आहे, की समुद्राजवळच्या फ्लॅटमध्ये शंभरी गाठलेला गालिचा परवडत असला तरी घेऊ नये. त्याला कोरडी हवा लागते, राखण लागते आणि घरातल्या प्रत्येकाने भीत भीत चालावं लागतं. पन्नाशीतला, भक्कम पाठीचा गालिचा घ्यावा. आईंनी पहिल्याच आठवड्यात त्यावर बसून शेंगा सोलल्या, टरफलं झटकली आणि म्हणाल्या, "बरा आहे. पाय धरतो."