वाढत्या अंगाचं माप

आमच्या घरात कपडा कधी अंगाबरोबर शिवला गेला नाही. दिवाळीच्या आधी महिनाभर वडील एकाच कापडाचा मोठा तुकडा आणीत, आम्हां तिघा भावांना कन्नडच्या पेठेतल्या शिंप्यापुढं रांगेनं उभं करीत आणि त्यानं गळ्यातली टेप काढायच्या आधीच सांगून टाकीत, "वाढत्या अंगाचं शिवा हं." शिंपीही समजूतदार. तो छातीला चार बोटं, बाहीला तीन बोटं जास्त धरी आणि शिवणीत सोडता येईल तेवढी माया सोडी. माया हा शिंप्यांचा शब्द. पुढं उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून शिवणीच्या आत दडवून ठेवलेलं कापड म्हणजे माया. या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही. पहिल्या वर्षी सदरा आमच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसे, दुसऱ्या वर्षी बेताचा होई, आणि तिसऱ्या वर्षी धाकट्याकडे जाऊन त्याच्या अंगावर पुन्हा वाळत पडे.

या संस्काराची किंमत मी साठी ओलांडल्यावर मोजली, तीही रोख.

माझी मुलगी चाळीसगावला दिली आहे. कन्नडहून तिकडं जायचं म्हणजे औट्रम घाट उतरायचा. मोटारीतून जाणाऱ्याला त्या घाटाची काही कल्पना येत नाही. पण माझ्यासारखा माणूस पौषातल्या संध्याकाळी स्कूटरवरून निघाला, की पठाराच्या कडेला वारा जो अंगात शिरतो तो थेट खानदेशात पोचेपर्यंत बाहेर पडत नाही. लोकरीचा स्वेटर तिथं कुचकामी. त्याच्या विणीतून वारा चाळणीतल्यासारखा गळतो. वाऱ्याला कातडंच हवं. तेव्हा मी ठरवलं, की वैमानिक घालतात तसलं एक जुनं, लष्करी घाटाचं, कातड्याचं जाकीट घ्यायचं. आमच्याकडं त्याला जर्किन म्हणतात. पुढं चेन असलेलं आणि कमरेशी संपणारं काहीही असो, ते जर्किन.

थंडी हे निमित्त होतं. खरं कारण जरा जुनं आहे. ते पुढं सांगतो.

पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. रविवार होता म्हणून जुन्या बाजारात शिरलो. पितळी कुलुपं, दुर्बिणी, बूट, बंद पडलेली घड्याळं, आणि त्यांच्यापलीकडं दोरीवर टांगलेली दोन तपकिरी जाकिटं. एकावर चाळीसचा आकडा, दुसऱ्यावर चव्वेचाळीसचा. चाळीसचं घातलं. चेन लागली, खांदे जागच्या जागी बसले, आणि मला ते घट्ट वाटलं. मग चव्वेचाळीसचं घातलं. आत हात फिरवायला जागा होती, खालून एक स्वेटरही मावला असता. शिवाय किंमत तीच. तेवढ्याच पैशांत जास्त कातडं मिळत असताना कमी कातडं घेणारा माणूस आमच्या घराण्यात जन्मलेला नाही. घासाघीस करून साडेतीन हजारांना चव्वेचाळीस घेतलं आणि विजयी मुद्रेनं घरी आलो.

बायकोनं दारातच विचारलं, "कुणाचं आणलंत?"

घाटात तर फजितीच झाली. खालून वारा शिरून जाकीट फुग्यासारखं फुगलं. बाह्या बोटांवर उतरल्यामुळं ब्रेक सापडेना. शेवटी ते घेऊन शिंप्याकडं गेलो. आमच्या लहानपणच्या शिंप्याचा नातू आता गादीवर बसतो. त्यानं ते उलटं केलं, अस्तर चाचपलं, शिवणीवर अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिलं. "काका, यात माया नसते," तो म्हणाला. "कापड उसवलं तर सुईची भोकं बुजतात, कातड्याची बुजत नाहीत, जन्मभर दिसतात. आणि खांदा आत घ्यायचा म्हणजे मुंढा नव्यानं कापायला हवा. तेवढं करून छाती बारीक केली तर हे पुढचे खिसे काखेत जातील. याला आधीच अंगाबरोबर घ्यायला पाहिजे होतं." मग कोपरापाशी नख लावून त्यानं रंगाचा पापुद्रा उचलून दाखवला. खाली पांढुरकं, मऊ कापसासारखं काहीतरी होतं. कातड्याचा वरचा कसदार थर काढून घेतल्यावर जे उरतं, त्यावर रंग चढवलेला होता.

साडेतीन हजार गेलेच होते, तेव्हा निदान ते का गेले हे तरी समजून घ्यावं म्हणून मी या विषयाच्या मागं लागलो. निवृत्त मास्तराला दुसरं काय काम असतं?

ज्या जाकिटाची नक्कल मी आणली होती, ते ए-टू नावाचं जाकीट अमेरिकेच्या लष्करी विमानदलानं १९३१ साली स्वीकारलं. बहुतेक घोड्याच्या कातड्याचं, थोडी बकऱ्याच्याही कातड्याची. आपल्या देशानंही ती जाकिटं पाहिली आहेत. १९४२ ते १९४५ या काळात आसामातून उडून, हिमालय ओलांडून चीनला रसद पोचवणारे अमेरिकन वैमानिक ती घालीत. विमान पडलंच तर खेड्यातल्या लोकांना कळावं, म्हणून हा परका माणूस आपल्या बाजूचा आहे, याला मदत करा, अशा अर्थाचा चिनी मजकूर छापलेलं फडकं कित्येकांनी जाकिटाला शिवून घेतलेलं असे. १९४३ साली कातड्याच्या जाकिटांची नवी मागणी थांबली आणि कापडी जाकिटं आली. पुढं जेट विमानांच्या काळात नायलॉनचं एमए-वन निघालं. त्याचं अस्तर भडक नारिंगी असतं. संकटात सापडलेल्या वैमानिकानं ते उलटं करून घालायचं, म्हणजे शोधणाऱ्याला तो लांबून दिसतो. इंग्रजांच्या वायुदलाकडं मेंढीच्या कातड्याचं, आतून लोकर असलेलं अर्विन जाकीट होतं. ते बनवणारा लेस्ली अर्विन हा मूळचा पॅराशूटवाला. कन्नडमध्ये ते घालणारा माणूस थंडीनं नव्हे, उकाड्यानं मरेल.

पण या सगळ्यांत एक गोष्ट समान. हा कपडा उभ्या माणसासाठी बेतलेलाच नाही. तो बसलेल्या माणसासाठी आहे. मांडीशी चोळामोळा होऊ नये म्हणून कमरेशी संपतो. वरून पॅराशूटचे पट्टे आवळायचे, म्हणून अंगालगत असतो. वारा शिरू नये म्हणून बहुतेकांना मनगटाशी आणि कमरेशी लोकरीची विणलेली पट्टी असते. ए-टूला तर हात खुपसायला बाजूचे खिसेसुद्धा नाहीत. पुढचे दोन आहेत ते झाकणाचे, वस्तू ठेवायला. विमानाच्या त्या एवढ्याशा कोठडीत ढिलाईला जागाच नसते. तिथं वाढत्या अंगाचं काही चालत नाही.

हे मला कुणी सांगायला नको होतं. मी ते एकदा अंगावर मोजून घेतलं आहे.

१९८४ सालची गोष्ट. 'आराधना'तला वैमानिक राजेश खन्ना मी लहानपणी तंबूतल्या पडद्यावर पाहिला होता, आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नव्हतं. वायुदलाचा अर्ज भरला. चाळीसगावला रात्रीची गाडी धरून दूरच्या एका शहरात निवडीला गेलो. मुलाखत झाली, निवड झाली, आणि मग वैद्यकीय तपासणीत मला भिंतीला पाठ टेकून, पाय सरळ पसरून जमिनीवर बसवलं. वैमानिकाची नुसती उंची पाहत नाहीत. बसल्यावरची उंची, मांडीची लांबी आणि पाठीपासून टाचेपर्यंत पायाची लांबी अशी तीन मापं वेगळी घेतात. बसल्यावर फार उंच असेल तर डोकं वरच्या काचेला लागतं. मांडी लांब असेल तर आसनासकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या फळीवर आपटतात. पाय आखूड असतील तर सुकाणूच्या पायट्यांपर्यंत पोचत नाहीत. पायाला किमान नव्याण्णव सेंटिमीटर लागतात. माझे सत्त्याण्णव भरले.

"पुन्हा मोजा ना," मी म्हणालो. मोजणाऱ्यानं पुन्हा मोजलं. भला माणूस होता. सत्त्याण्णवच. मी एकवीस वर्षांचा होतो. वाढीचं वय संपलं होतं. परतीच्या गाडीत मी रात्रभर पाय लांब करून बसलो होतो, जणू सकाळपर्यंत दोन सेंटिमीटर वाढणार होते. घरी आल्यावर वडिलांना सांगितलं, की डोळ्यांत दोष निघाला. डोळ्यांचा दोष कुणालाही असू शकतो. पाय आखूड म्हणून परत आलो, हे त्यांच्यापुढं माझ्यानं बोलवेना. ज्या माणसानं जन्मभर माझ्या विजारीच्या पायाला टीचभर कापड जास्त धरायला लावलं, त्याला हे कसं सांगणार? ते गेले तेव्हाही त्यांना खरं ठाऊक नव्हतं.

तर दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो. पहिली गोष्ट म्हणजे गळपट्टीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. एका कारखान्याचं चाळीस दुसऱ्याच्या चाळीसशी जुळत नाही, आणि जुनं चाळीस आजच्या चाळीसपेक्षा बहुधा अंगासरशी असतं. जाकीट चेन लावून सपाट पसरायचं, काखेपासून काखेपर्यंत टेप धरायची आणि दुप्पट करायची. ते माप आपल्या छातीशी ताडून पाहू नये. आपल्याला नीट बसणारा एखादा कोट तसाच पसरून मोजावा आणि त्याच्याशी ताडावं. खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजावा. छाती इंचभर इकडंतिकडं चालेल, खांदा चालणार नाही. उंची आखूड वाटली तर घाबरू नये, ती आखूडच असते. आणि घालून पाहायला मिळालं तर आरशासमोर उभं राहू नये. खुर्चीवर बसावं, हँडल धरल्यासारखे हात पुढं करावेत. पाठीत ताणलं नाही आणि मनगट उघडं पडलं नाही, की ते आपलं.

कसाचं म्हणाल तर नाक आणि बोटं पुरतात. बकऱ्याचं कातडं ओळखायला आपल्याकडं शिकावं लागत नाही. त्यावर बारीक दाणा असतो, आणि ते हलकं असून चिवट असतं. घोड्याचं गुळगुळीत, ताठ, वापरानं चमकणारं. मेंढीचं लोण्यासारखं मऊ. दुकानात सर्वांत मोह पाडणारं आणि सर्वांत आधी फाटणारं. गळपट्टी उलटून तिच्या घडीवर बोट घासावं. बोटाला विटकरी भुकटी लागली तर ते कातडं आतून मेलेलं आहे. त्यावर कितीही तेल चोळा, ते जिवंत होत नाही. उलट जास्त तेलानं शिवणीचा दोराच कुजतो. कुबट वास काखेत हुंगावा, लाजू नये. चेन बदलता येते, अस्तर बदलता येतं, कसरीनं खाल्लेली लोकरीची पट्टी बदलता येते. कातडं आणि खांदा, या दोन गोष्टी तेवढ्या बदलता येत नाहीत.

युद्धकाळातलं अस्सल जाकीट माझ्या ऐपतीबाहेरचं आहे, आणि ते अजिंठ्यातल्या चित्रासारखं सांभाळावं लागेल. मला ते घाटात घालायचं होतं. अमेरिकन वायुदलानं १९८८ साली ए-टू पुन्हा सुरू केलं, ते बकऱ्याच्या कातड्याचं. त्या जातीचं एक नाशिकच्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडं निघालं. फोनवर मी त्याच्याकडून चार मापं तीन वेळा वदवून घेतली. शेवटी तो म्हणाला, "साहेब, जाकीट घेताय की जावई करताय?" आठ हजार पडले. मनगटाच्या पट्ट्या कसरीनं खाल्लेल्या होत्या. बायकोनं गडद तपकिरी लोकर आणली आणि माझं मनगट हातात घेऊन दोऱ्यानं मोजलं. "नीट धरा," ती म्हणाली, "उगीच ढिलं सांगू नका." ते जाकीट घालून मी आरशात पाहिलं, आणि पुन्हा काही वेळ पाहिलं. त्यात माझे पाय कुठं मोजायचेच नव्हते.

चव्वेचाळीसचं ट्रंकेत पडून होतं. यंदा दिवाळीच्या सुटीत चाळीसगावचा नातू आला. बारा वर्षांचा आहे. त्यानं ते शोधून काढलं आणि अंगात चढवलं. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "राहू दे, वाढत्या अंगाला होईल." आतून बायको हसली.

मग तो म्हणाला, "आजोबा, वैमानिकाचे पाय मोजतात ना? माझे मोजा." हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. तो ते जाकीट घालूनच भिंतीला पाठ टेकून, पाय सरळ पसरून बसला. मी टेप आणली. वाकून त्याच्या टाचेपर्यंत धरली. आकडा पाहिला, आणि खडूनं फरशीवर एक रेघ ओढली.

"किती भरले?"

"अजून पाठ नीट टेकली नाहीस," मी म्हणालो. "टेक, पुन्हा मोजू."