रॅम, डिस्क आणि बाबांचा चहा

आमचा नेरुळच्या घरातला कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा. बाबा सकाळी बटण दाबायचे, किचनमध्ये जाऊन चहा टाकायचे आणि कप घेऊनच परत यायचे. वाशीच्या एपीएमसीत, दाणाबंदरातल्या एका गाळ्यावर त्यांनी वर्षानुवर्षं हिशेब लिहिले. रिटायर झाल्यावरही दोन व्यापाऱ्यांची खाती ते घरूनच टॅलीवर सांभाळतात. कॉम्प्युटर २०१८ चा. मी इंजिनिअरिंगला असताना त्यांनीच घेऊन दिलेला. ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क.

"अरे, आतून टक-टक आवाज येतो," असं ते दिवाळीपासून सांगत होते. मी दिवसभर कानात हेडफोन घालून काम करणारा. म्हटलं, "जुना झालाय, बाबा. रॅम वाढवू, पळेल."

ऑफिसात कोणी "सर्व्हर स्लो आहे, मेमरी वाढवूया" म्हणालं, तर मीच आधी विचारतो, "मोजलंस का?" घरी मात्र न मोजताच निदान करून मोकळा झालो. त्यात डिसेंबर २०२५. एआयच्या डेटा सेंटर्ससाठी मेमरीची प्रचंड मागणी, त्यामुळे रॅमच्या किमती भराभर चढत होत्या. मायक्रॉनने तर आपला 'क्रूशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. आत्ताच घेऊन टाकू, नंतर परवडणार नाही, असं वाटायला लागलं.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला जायचं ठरवलं. निघण्यापूर्वी फक्त रॅमचा प्रकार बघायला म्हणून टास्क मॅनेजर उघडला. नुकतंच मशीन सुरू झालेलं, एकही प्रोग्राम उघडलेला नाही. मेमरी ६० टक्के. डिस्क १०० टक्के.

बाबा मागे उभे होते. त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, "रॅम म्हणजे गाळ्यावरचं तुमचं टेबल. डिस्क म्हणजे मागचं गोदाम. टेबल भरलं की वह्या सारख्या गोदामात ठेवाव्या-आणाव्या लागतात, तेव्हाही डिस्क १०० टक्के दिसते. अशा वेळी टेबल मोठं करायचं. पण इथे टेबलावर जागा आहे. गोदामातून वही आणणाराच दमलाय."

का दमतो, तेही साधं आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८ मिलिसेकंद. वाचणारा हात योग्य जागी जायला आणखी तितकाच वेळ. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स इकडून तिकडून उचलतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं.

बाबा म्हणाले, "दमलाय की आजारी आहे? आवाज येतो म्हणून दोन महिने सांगतोय."

तेव्हा कुठे मी डिस्कची तब्येत दाखवणारं टूल चालवलं. पिवळ्या रंगात इशारा. डिस्कवरच्या बऱ्याच जागा खराब होऊन बाद झाल्या होत्या. रॅम आणली असती, तर कदाचित थोडा फरक पडला असता, मी खूश झालो असतो, आणि एक दिवस दोन व्यापाऱ्यांची सात वर्षांची खाती गेली असती. बॅकअप नव्हता. तो घ्यायला त्यांना शिकवणं हे काम माझंच होतं.

लॅमिंग्टन रोडला नंतर गेलो. आधी टॅलीचा सगळा डेटा पेनड्राइव्हवर आणि माझ्या लॅपटॉपवर घेतला. मग ५०० जीबीची एसएसडी आणली. जुन्या डिस्कवरून कॉपी व्हायला रात्र गेली. तीन फाइल्स वाचताच आल्या नाहीत. तिन्ही माझ्या कॉलेज प्रोजेक्टच्या होत्या. खाती सगळी मिळाली.

कधी रॅम घ्यायची, हेही आता मला नीट सांगता येतं: रोजचं काम चालू असताना मेमरी सतत नव्वदच्या पुढे असेल, तर. आमच्याकडे ती वेळ येईल, तेव्हा बघू. पण डिस्क फिरणारी असेल, तर आधी ती बदला. आणि आवाज करत असेल, तर त्याआधी, आजच, बॅकअप घ्या.

सोमवारी सकाळी बाबांनी बटण दाबलं आणि सवयीने किचनकडे वळले. गॅस पेटवेपर्यंत स्क्रीन आली होती. दारातूनच म्हणाले, "आता चहा आधी करावा लागणार."

मी हेडफोन काढून ठेवला होता.